तगरचं कापड कुठं गेलं?

गेल्या महिन्यात दोन सुट्ट्या जोडून मिळाल्या. आईला घेऊन तेरला जाऊन आलो. तेर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणा नदीच्या काठचं गाव. लोक तेरढोकी म्हणतात. वारकरी तिथं गोरा कुंभाराच्या समाधीसाठी जातात. आम्ही गेलो म्युझियमसाठी. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी पुराणवस्तू संग्रहालय तिथं आहे.

आपल्या अंकात कवितांवर टीका येते, कथांवर येते, नाटकावर तर हाणामारी होते. म्युझियमवर कुणी लिहीत नाही. मला वाटतं म्युझियम हेसुद्धा एक पुस्तकच आहे. कुणीतरी ते रचलेलं असतं. त्यात कुणाला अख्खं प्रकरण मिळतं, कुणाला तळटीप मिळते आणि कुणाला कायच मिळत नाही. मग त्याची समीक्षा का करायची नाही?

आधी माझी लायकी सांगून टाकतो. मी सोलापूरजवळच्या एका सूतगिरणीत रिंग फ्रेम खात्यात साइडर आहे. तुटलेला धागा सांधणं हे माझं काम. पाळीला काही हजार वेळा तरी सांधत असेन. शाळा बारावीत सुटली. पुरातत्त्व शिकलो नाही. जे वाचलं ते वाचनालयात, पाळी सुटल्यावर, झोप मोडून. तेव्हा शिकलेल्या मंडळींनी माझ्या चुका खुशाल काढाव्यात. मात्र सुताबद्दल जे बोलेन त्यात चूक काढायची असेल तर आधी एक पाळी माझ्याशेजारी उभं राहावं.

म्युझियमची आणि माझी जुनी ओळख काही गोड नाही. एका मोठ्या शहरातल्या म्युझियममध्ये मी एकदा पाळी सुटल्यावर तसाच गेलो होतो. केसांत कापसाची पिंज, पायात स्लीपर. दारावरचा माणूस म्हणाला, काम मागच्या बाजूला चालू आहे, इकडून नाही. तिकीट दाखवलं तेव्हा आत सोडलं. पण आत काचेपुढं जरा जास्त वेळ थांबलो की तो माझ्या मागं येऊन उभा राहायचा. त्या दिवशी मी मूर्ती कमी पाहिल्या आणि त्याची सावली जास्त पाहिली. तेव्हापासून म्युझियममध्ये शिरताना मी आधी अंगावरची पिंज झाडतो. ही सवय लागली याची मला चीड आहे.

तेरला तसलं काही झालं नाही. कुणी हटकलं नाही. म्हणून वस्तू नीट बघता आल्या.

तेर हे जुनं तगर. हे फ्लीट या साहेबानं १९०१ मध्ये पक्कं केलं. त्याआधी तगर कुठं यावर पंडितांचं एकमत नव्हतं. सातवाहनांच्या काळात हे शहर जोरात होतं. पुढं शिलाहार राजे स्वतःला तगरपुरवराधीश्वर म्हणवून घेत. राज्य कोकणात आणि कोल्हापूरकडं, पण तोरा तगरचा. १९५८ मध्ये चापेकरांनी इथं खोदकाम केलं, नंतरही खोदकामं झाली. ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेटनं १९६० मध्ये तेरवर छोटं पुस्तक लिहिलं.

पण म्युझियमला नाव यातल्या कुणाचं नाही. नाव आहे लामतुरेंचं. ते याच गावचे. पाऊस पडला की तेरची पांढरी माती धुपते आणि वस्तू उघड्या पडतात. मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजक्या मातीच्या बाहुल्या. त्या वस्तू या माणसानं वर्षानुवर्षं गोळा केल्या. ज्या गोष्टी लोक पायानं उडवत होते त्या त्यानं जपल्या. मला या माणसाबद्दल आदर आहे. इतिहास काय सगळा साहेबाच्या कुदळीनंच बाहेर येतो असं नाही. नीट बघणाऱ्याच्या डोळ्यानंही येतो.

आता या मातीबद्दल एक सांगायला पाहिजे. जुन्या वस्तीची राख, शेण, पडक्या भिंती यांची मिळून जी माती होते ती पांढरी. म्हणून गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. गावाची पांढरी म्हणजे गावाची अब्रू. आमची घरं पांढरीत नव्हती. पांढरीच्या बाहेर होती. पांढरीची शीव कुठं आहे ते भांडणात सांगायला मात्र आमचाच म्हातारा लागायचा. ज्यांना पांढरीत जागा नव्हती त्यांचा पोरगा आज पांढरीतून निघालेल्या वस्तू वाचायला आला होता, एवढं लक्षात ठेवा.

गोरोबांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. संत जमलेले असताना मुक्ताईनं विचारलं, यातलं कच्चं मडकं कुठलं? गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर थापटत गेले. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले. गोरोबा म्हणाले, हे कच्चं. गोष्ट खरी की खोटी ते सोडा. कुंभाराच्या गावातली समीक्षेची रीत ही आहे. आवाज ऐकायचा. मीही थापटणं घेऊनच आत गेलो.

आणि आवाज पहिल्यांदा ऐकला तो आईनं.

आई बिड्या वळते. तिची बोटं कधी मोकळी नसतात, बसमध्येसुद्धा पदराचं टोक वळत बसते. तिला अक्षरओळख आहे पण पाट्या वाचायचा कंटाळा. ती वस्तूच बघते. मातीच्या बाहुल्यांपुढं ती बराच वेळ उभी राहिली. तेरच्या बाहुल्या फार सुबक आहेत. काही केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीच्या आहेत. पुढचा आणि मागचा असे दोन साचे करून, दोन अर्धी जोडून, आतून पोकळ ठेवून केलेल्या. केसांची एकेक बट वेगळी दिसते. आई म्हणाली, "हिचं डोस्कं बघ कसं निगुतीनं केलंय. हिला येणी घालायला दुसरी बाई असंल बघ. आपल्याच हातानं येवढं होत न्हाई."

मी गार झालो. मी पन्नास पानं वाचून आलो होतो, पण ती दुसरी बाई मला दिसली नव्हती.

मग हस्तिदंताची बाई. छोटी, मुठीत मावेल एवढी. तेरची ही सगळ्यात गाजलेली वस्तू. अशीच एक हस्तिदंती बाई इटलीत पॉम्पेई शहरात १९३८ मध्ये सापडली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं होतं. म्हणजे ती त्याच्या आधीच इकडून तिकडं पोचलेली होती. अशाच जातीचं काम जालना जिल्ह्यात भोकरदनलाही निघालं. त्यामुळं पंडित म्हणतात, ही बाई रोमच्या व्यापाराची साक्ष आहे. कुणी तिला लक्ष्मी म्हणतं, कुणी यक्षी. मी हे सगळं आईला भडाभडा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आरं, दागिनं लई हैत हिच्या अंगावर. लुगडं कुठंय? कापडाचं गाव म्हनला हुतास नव्हं? मग कापड कुठंय?"

या लेखाचा सवाल हा आहे. तो माझा नाही, आईचा आहे. मी फक्त त्याच्यामागं धावलो.

कापडाचं गाव मी का म्हणालो होतो? इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्रावरच्या व्यापाराची एक वही लिहिली. तिला पेरिप्लस म्हणतात. तो मिसर देशात राहणारा असावा. त्याचं नाव कुणाला माहीत नाही. त्यात तो लिहितो की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. तिथून बैलगाड्यांत घालून, जिथं धड रस्ता नाही अशा मुलखातून, माल भडोचच्या बंदराला येतो. पैठणहून रंगीत दगड येतो. आणि तगरहून काय येतं? साधं कापड, भरपूर. सगळ्या जातींची मलमल. आणखी एक जांभळट कापड.

बघा, पहिलं नाव साध्या कापडाचं आहे. जाड्याभरड्या, रोजच्या कापडाचं. हस्तिदंताच्या बाईचं नावसुद्धा त्या यादीत नाही. म्हणजे व्यापाऱ्याच्या वहीत तगरची ओळख कापड. आणि आजच्या काचेत तगरची ओळख दंत, दगड, माती. मधल्या दोन हजार वर्षांत कापड गेलं कुठं?

उत्तर सोपं आहे. कुजलं. कापूस आपल्या पावसात टिकत नाही. वाळवी खाते, ओल खाते. म्युझियमचा यात काय दोष? दोष नाही. पण इथंच टीकेचं काम सुरू होतं. जे टिकतं त्याचाच इतिहास होत असेल तर टिकणाऱ्या वस्तू कुणाच्या होत्या हे विचारायला नको का? ज्याच्याकडं सोनं होतं त्याचं टिकलं. ज्यानं दगडावर पैसा खर्च केला त्याचं टिकलं. ज्यानं आयुष्यभर सूत काढलं त्याचं पहिल्या चार पावसाळ्यांत संपलं. काळ काही तटस्थ नसतो दोस्तहो. काळसुद्धा ऐपत बघतो.

एक भोक पाडलेली मातीची चकती मी काचेतून पाहिली. मोठ्या नाण्याएवढी. अशा चकत्या जुन्या वस्त्यांच्या खोदकामांत ढिगानं निघतात. कुठली खेळण्यातली चाकं असतात, कुठली कशाची बुडं. पण काही टकळीच्या असतात. चातीच्या बुडाशी वजन म्हणून बसवायच्या, म्हणजे टकळी फिरती राहते. ही टकळीचीच होती असं मी छातीठोक सांगणार नाही. पण मी तिच्यापुढं जेवढा थांबलो तेवढा हस्तिदंताच्या बाईपुढं थांबलो नाही. माझ्या फ्रेमवरची चाती मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेते. ही चकती बोटाच्या चिमटीनं फिरत असणार. पण काम तेच. पिळ द्यायचा, ओढायचं, तुटलं की सांधायचं. जगातली कुठलीच मूर्ती मला एवढी घरची वाटली नव्हती.

देशभरातल्या म्युझियममध्ये पाटी लिहायची एक रीत आहे. वस्तूचं नाव, कशाची आहे, कुठल्या काळातली, कुठं सापडली. संपलं. वस्तूच्या अंगावर मात्र बारीक अक्षरात नंबर टाकलेला असतो, नोंदवहीतला. तो नंबर बघितला आणि मला बापाचा बिल्ला आठवला. बाप सोलापुरात एका कापड गिरणीत होता. ती गिरणी बंद पडली. त्याच्याकडं पितळी बिल्ला होता, त्यावर नुसता नंबर. पगाराला नंबर, दंडाला नंबर, हजेरीला नंबर. गिरणी बंद झाली तेव्हा माग वजनावर भंगारात गेले. बापानं एक लाकडी धोटा कसाबसा घरी आणला. तो आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली फळीवर आहे, शेजारी तो बिल्ला. आमचं म्युझियम एवढंच. पण आमच्या म्युझियममध्ये कुणी विचारलं की हा धोटा कुणाचा, तर आम्ही नाव सांगतो.

कुणी म्हणेल, जुन्या काळच्या कारागिरांची नावं मिळतच नाहीत, पाटीवर लिहायची कुठून? बरोबर आहे, बहुतेक मिळत नाहीत. पण अगदीच मिळत नाहीत असं नाही. सांचीच्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर कोरलेलं आहे की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंताच्या कारागिरांनी केलं. त्याच तोरणावर वासिष्ठीपुत्र आनंद याचं नाव आहे. तो सातकर्णी राजाच्या कारागिरांवरचा मुख्य होता. आमच्या भाषेत जॉबर. म्हणजे जॉबरचं नाव दगडावर आलं, टोळीचा नुसता उल्लेख आला आणि छिन्नी धरणारा एकेकटा माणूस राहिलाच. गिरणीतही हेच असतं. तरीपण टोळीचा उल्लेख तर आला! दोन हजार वर्षांपूर्वी काम करणाऱ्यांना आपलं नाव कामावर टाकावंसं वाटलं, आणि टाकता आलं. हे लहान नाही.

विणकरांचं काय? तेरच्या विणकरांबद्दल असा लेख माझ्या वाचनात नाही. म्हणून त्याच जमान्यातला नाशिकचा लेख घेतो. पेरिप्लस लिहिणाऱ्या व्यापाऱ्याला भडोचकडचा जो राजा माहीत होता तो नहपान. त्याचा जावई उषवदात. त्यानं नाशिकच्या १० नंबरच्या लेण्यात लेख कोरून ठेवलाय. भिक्षूंसाठी त्यानं तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. कुठं ठेवले? गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणीत. लेखात शब्द आहे कोलिकनिकाय. दोन हजार एका श्रेणीत, महिना शेकडा एक व्याजानं. एक हजार दुसऱ्या श्रेणीत, शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं. पहिल्या व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण.

मी पगाराची स्लिप तपासतो तसा हा हिशोब तपासला. दोन हजाराला महिन्याला वीस. वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एका कार्षापणाचा फरक नाही. लेख खरा आहे, हिशोब चोख आहे.

हा लेख वाचून दोन गोष्टी एकदम वाटल्या. पहिली अशी की राजाचा जावई आपला पैसा विणकरांकडं ठेवतो! सावकाराकडं नाही, पुरोहिताकडं नाही. विणकरांच्या संघटनेची पत होती. जुन्नरच्या लेण्यांत तर बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाचं काम करणाऱ्यांच्या श्रेणीत पैसे ठेवल्याचे लेख आहेत. आज आपण ज्यांना बुरूड म्हणतो त्यांचं काम करणारे लोक दानाची ठेव सांभाळत होते. आणि मागच्या वर्षी आईला शिलाई मशीन घ्यायला थोडं कर्ज पाहिजे होतं. आम्ही एका ठिकाणी गेलो तर म्हणाले, नोकरदार जामीनदार आणा. दोन हजार वर्षांत आपण पुढं आलो की मागं गेलो, हे कुणीतरी मला समजावून सांगा.

दुसरी गोष्ट आपल्याच मित्रांना आवडणार नाही. ते दोनशे चाळीस कार्षापण आले कुठून? आकाशातून नाही आले. कुणाच्या तरी मागावरून आले. दर महिन्याला, पीक येवो न येवो, सूत मिळो न मिळो, श्रेणीला व्याज भरायचं होतं. दान उषवदाताच्या नावावर जमा आहे. पुण्य त्याचं. आणि ज्यांनी वर्षानुवर्षं विणून ते दान चालू ठेवलं त्यांच्यातल्या एकाचंही नाव त्या भिंतीवर नाही. विणकर तिथं आहे, पण बँक म्हणून आहे. माणूस म्हणून नाही.

हे मी का काढतोय? तर आपल्या कवितेत हल्ली एक सोपा सूर लागलाय. लेणी आमची, स्तूप आमचे, आम्हीच राजे होतो, मग अंधार पडला. टाळ्या मिळतात. मलाही मिळाल्यात, मीही अशी कविता लिहिली आहे. तेरहून आल्यावर ती वाचली आणि थापटणं मारून बघितलं. बदबद आवाज आला. कच्चं मडकं.

याचा अर्थ लेणी आपली नाहीत असा नाही. उलट. तेरचंच उदाहरण घ्या. तिथं त्रिविक्रमाचं देऊळ आहे. विटांचं. मागची बाजू अर्धगोल, वर कमानीसारखं लांबट छप्पर, पुढं नंतर जोडलेला सपाट मंडप. आत विष्णूचा त्रिविक्रम. लेण्यांतला चैत्य ज्यानं बघितलाय त्याला बाहेरूनच कळतं हे काय आहे ते. हेन्री कझिन्सनं पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात लिहिलं की ही मुळातली बौद्ध चैत्याची वास्तू. खडकात कोरलेले चैत्य पुष्कळ टिकले, विटांनी बांधलेले फार थोडे. त्यातलं हे एक. आणि ते उभं राहिलं ते देऊळ झालं म्हणून, हेही खरं. मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी ह्यानंबी धर्म बदलला."

बदलला. कुणी बदलायला लावला ते त्या विटांनी लिहून ठेवलेलं नाही. वास्तूनं धर्म बदलला की तिला पुराणवस्तू म्हणतात आणि तिची जपणूक होते. आम्ही १९५६ साली बदलला तर केंद्र सरकारनं अनुसूचित जातीच्या यादीत बौद्धांना धरायला १९९० साल उजाडलं. विटा आमच्यापेक्षा नशीबवान.

तेव्हा हक्क सांगायचा तर नीट सांगू. बुद्ध आपला, चैत्य आपला, हे म्हणू. पण राजा, जावई, सेठ आणि श्रेष्ठी यांच्या रांगेत स्वतःला उभं करून नको. आपण त्या लेखात कुठं आहोत ते शोधू. आपण तिथं आहोत दोनशे चाळीस कार्षापणांच्या मागं. वेणी घालणाऱ्या बाईच्या बोटांत. तगरच्या गाड्यांत दाबून भरलेल्या साध्या कापडाच्या गाठोड्यांत. राजवंश शोधायला गेलो तर आपल्याला दुसऱ्याचाच आजा सापडेल.

आता कापडाचं शेवटचं. तेरला नाही, पण थोडं कापड सापडलंय. मला हे वाचून रात्रभर झोप आली नव्हती. भडोचहून निघालेला माल अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रात मिसरच्या किनाऱ्याला जायचा. तिथं बेरेनिके नावाचं बंदर होतं. पेरिप्लसमध्ये त्याचंही नाव आहे. १९९४ पासून तिथं खोदकाम झालं. तो वाळवंटी मुलूख, पाऊस जवळजवळ नाही. त्यामुळं जे आपल्याकडं कुजलं ते तिथं राहिलं. कुठं राहिलं? राजवाड्यात नाही, देवळात नाही. उकिरड्यात. पहिल्या शतकातल्या लोकांनी फेकलेल्या चिंध्यांत सुती कापडाचे तुकडे निघाले. जहाजाच्या शिडाच्या कापडाचेही.

ते कापड भारतातलं हे कशावरून ओळखलं? त्यावर शिक्का नव्हता, नाव नव्हतं. पिळावरून ओळखलं. मिसरचे लोक सूत कातायचे त्याचा पिळ एका बाजूला, त्याला एस पिळ म्हणतात. आपल्याकडच्या सुताचा पिळ उलट्या बाजूला, झेड पिळ. धागा उभा धरला तर पिळाची तिरपी रेघ इंग्रजी झेड अक्षराच्या मधल्या दांडीसारखी जाते. माझ्या फ्रेमवर आज जे एकेरी सूत निघतं त्याचा पिळ कुठला? झेड. सोलापूरच्या टॉवेलातलं कुठलंही एकेरी सूत उसवून उन्हात धरून बघा.

ते तुकडे तगरचेच असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण इथल्या कुणातरी कातणाऱ्याच्या, बहुतेक कुणातरी कातणाऱ्या बाईच्या, बोटांची सवय दोन हजार वर्षं वाळूत टिकली. राजाची मुद्रा असते तशी ही तिची मुद्रा. तिनं ती ठरवून उठवली नाही. काम करता करता उठली. जात, गाव, नाव, सगळं गेलं. पिळ राहिला.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती तेरच्याच काय, सगळ्या म्युझियमवाल्यांना आहे. पाटीवर चार ओळी असतात, पाचवी टाका. "करणाऱ्याचं नाव माहीत नाही." प्रत्येक वस्तूखाली. माहीत नाही हेसुद्धा लिहून ठेवावं लागतं, नाहीतर पुढच्या पोरांना वाटतं की वस्तू काळानंच केली, सातवाहनांनीच केली. सातवाहनांनी एक मणीसुद्धा घासलेला नाही. आणि तेरला एक काचेची पेटी रिकामी ठेवा. आत काही नको. खाली पाटी लावा: तगरचं कापड. पेरिप्लसमध्ये त्याचं नाव आहे, ते इथून गाड्यांनी भडोचला जायचं, इथं त्यातलं काही उरलं नाही. शेजारी एक टकळी आणि एक पेळू ठेवा, पोरांना हात लावू द्या. रिकामी पेटी बघून जो थांबेल त्याला म्युझियम कळलं असं समजा.

आणि आपल्यातल्या लिहिणाऱ्यांना मागणी एवढीच की एकदा तेरला जाऊन या. सोलापूरहून धाराशिव, तिथून एसटी. एकटे जाऊ नका. आईला न्या, मावशीला न्या, जिनं हातानं काम केलंय अशा कुणाला तरी न्या. पाटी तुम्ही वाचा, वस्तू तिला वाचू द्या.

परत येताना आई एसटीत खिडकीशी बसली होती. अंधार पडला होता. मी तिला बेरेनिकेच्या चिंध्यांचं सांगत होतो. तिनं पदराचं टोक वळता वळता विचारलं, "त्या बाईला कळलं असंल का रं, आपलं सूत समुद्राच्या पार गेलं म्हनून?"

मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी माझी पहिली पाळी होती.